फोटोत कुणीही नको

बहरीनमध्ये राहणाऱ्या माणसाला वाळवंट बघायला चिलीला जायची गरज नाही, हे वाक्य गेल्या डिसेंबरात मी इतक्या जणांकडून ऐकलं, की शेवटी शेवटी मीच ते आधी म्हणून टाकायचो. तेवढेच समोरच्याचे श्रम वाचायचे. मुद्दा तसा बरोबरच होता. सनदमधल्या आमच्या बिल्डिंगखालून गाडी काढली की अर्ध्या तासात सखीर. हवं तेवढं वाळवंट, तेही थंडीच्या दिवसांत तंबू, शेकोट्या आणि करक नावाच्या कडक चहाच्या गाडीसकट. ते सोडून माझ्या बायकोला पृथ्वीच्या पार पलीकडे, दोन-तीन विमानं बदलून, दुसऱ्या वाळवंटात जायचं होतं. आणि जाऊन काय करायचं होतं, तर रांगोळी काढायची होती.

सुरुवात आमच्या लेकीने केली. सावनी बारावीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर देताना तोंडातून इंग्रजी बाहेर पडतं. दिवाळी संपल्यावर एका संध्याकाळी ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, धिस इज लिटरली यू." चिलीच्या उत्तरेकडच्या वाळवंटात, कुठल्याशा खेड्यात, एक कलाघर होतं. दरवर्षी जगभरातून थोडे चित्रकार बोलावून ते त्यांना तीन महिने ठेवून घेत. विमानाचं तिकीट त्यांचं, खोली त्यांची, जेवण त्यांचं, वर हातखर्चही. आणि या वर्षी त्यांना हवे होते माती, धूळ, मीठ, राख असल्या न टिकणाऱ्या वस्तूंतून काम करणारे कलाकार. मी म्हटलं, धूळच हवी असेल तर आपल्या गाडीवरची घेऊन जा म्हणावं. सावनी हसली. अश्विनी हसली नाही. तिने भाजीखालचा गॅस बंद केला आणि म्हणाली, "मला जावंसं वाटतंय."

आता हे वाक्य साधं दिसतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, अश्विनीच्या तोंडून मी "जायला हवं" एवढंच ऐकत आलोय. पुण्याला माझ्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला जायला हवं. दाताच्या डॉक्टरकडे जायला हवं. मंडळाच्या हळदीकुंकवाला जायला हवं. "जावंसं वाटतंय" हे पहिल्यांदाच आलं. तेही माझ्याकडे बघून नाही, ओट्याकडे बघून. मग तिने लगेच गॅस परत लावला, जणू काही बोललीच नव्हती. माझ्या छातीत काहीतरी दाटून आलं. दुपारी ऑफिसात समोसे झाले होते, म्हणून मी ते पित्तावर ढकललं.

"कागदपत्रांचं सगळं माझ्याकडे सोड," मी जाहीर केलं. मी सीफमध्ये एका कंपनीत अकाउंट्स बघतो, आणि आखातात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला अर्जाची भीती वाटत नाही. व्हिसा, रेसिडेंट कार्ड, डिग्रीचं अटेस्टेशन, इतकंच काय, समोरच्या फ्लॅटमधल्या इलायसला वसईहून पोपट आणायचा होता तेव्हा त्या पोपटाचाही अर्ज मीच भरला होता. पोपट आला नाही, पण अर्जात एक चूक कुणी काढून दाखवावी.

चिलीच्या अर्जात पहिलीच मागणी होती दहा फोटोंची. फोटो फक्त कामाचे हवेत. फोटोत कुणीही नको. आणि फोटोंवर कसलेही संस्कार केलेले नकोत.

मी हसत हसत लॅपटॉप उघडला. अश्विनीच्या रांगोळ्यांचे फोटो म्हणजे आमच्याकडे पोत्याने. गणपती, दिवाळी, गुढीपाडवा, कुणाची गृहप्रवेशाची पूजा. आमचं मंडळ म्हणजे सनद आणि आसपासची मोजकी मराठी घरं, पण त्यातल्या एकाही घरचं कार्य अश्विनीच्या रांगोळीशिवाय झालेलं नाही. मी एकेक फोटो उघडत गेलो आणि माझं हसू मावळत गेलं.

झालंय असं, की आमच्यात एक पद्धत आहे. अश्विनी सकाळपासून गुडघ्यांवर बसून चिमटी-चिमटीने रांगोळी भरते. शेवटची चिमूट सोडते, पाठ सरळ करायला उठते, ती पुरती सरळ व्हायच्या आत मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखरराव टाळी वाजवून म्हणतात, "चला, फोटो." मग मागे पुरुष, त्यांच्या पुढे पदर सावरत बायका, आणि सगळ्यांत पुढे उकिडवी पोरं, रांगोळीच्या काठावर पंजे रोवून. मधे जी फट उरेल ती रांगोळी. माझ्याकडे वर्षानुवर्षांच्या पैठण्यांचे काठ अगदी स्पष्ट होते. चंद्रशेखररावांचं पोट कसकसं वाढत गेलं याची तर रीतसर नोंद होती. मोरांची ती प्रसिद्ध रांगोळी, जिच्यासाठी अश्विनी दोन रात्री झोपली नव्हती, तिच्यातला एक पिसारा आणि कुणाचा तरी बूट एवढंच माझ्या हाती लागलं. बूट माझा होता.

"इझी, बाबा," सावनी म्हणाली आणि तिने फोनमधल्या कसल्याशा करामतीने माणसं पुसायला घेतली. माणसं गेली, पण त्यांच्या जागी फोनने स्वतःच्या मनाने काहीबाही भरलं. एका ठिकाणी संगमरवर, एका ठिकाणी इराणी गालिचा. मोरांच्या फोटोतून चंद्रशेखरराव पूर्ण गेले, पण त्यांचा लाडू धरलेला हात तसाच हवेत राहिला. अश्विनीने तो फोटो बराच वेळ पाहिला. "राहू दे," ती म्हणाली. "असंही ते चालणार नाही म्हणालेत ना."

म्हणजे दहा रांगोळ्या नव्याने काढणं आलं. आणि अर्जाची मुदत डिसेंबरअखेर.

प्रश्न जागेचा होता. आमच्या दारापुढचा पॅसेज दोन फरशांचा. तिथे ती रोज सकाळी छोटी ठिपक्यांची रांगोळी काढते आणि बिल्डिंगचा नातूर रहिमतुल्ला, म्हणजे आमचा राखणदार, झाडू, नळ, लिफ्ट सगळं बघणारा माणूस, दुपारी ती इमाने इतबारे झाडून टाकतो. हॉलमध्ये काढावी तर सोफे कुठे ठेवायचे. खाली पार्किंगमध्ये काढावी तर दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची ट्रकएवढी गाडी. राहता राहिली गच्ची, आणि गच्चीला कुलूप. किल्ली घरमालकाच्या एजंटकडे. यासीन त्याचं नाव. स्वभावाने गोड माणूस, पण कागदाशिवाय पाणीही पिणार नाही अशातला.

"गच्ची कशाला?" त्याने विचारलं.

"आर्ट," मी म्हणालो.

"पार्टी?"

"पार्टी नाही. आर्ट. माझी पत्नी जमिनीवर चित्र काढणार आहे."

"पाहुणे किती?"

"एकही नाही. मुद्दा तोच आहे. कुणीही नको."

यासीनने माझ्याकडे दयेने पाहिलं. पाहुणे नाहीत तर गच्ची कशाला, हे त्याला पटेना. मी बिल्डिंगमधल्या सगळ्या भाडेकरूंची ना-हरकत पत्रं आणायची तयारी दाखवली, तर म्हणाला, ती आणाच, पण "जमिनीवर चित्र" या नावाचा रकाना त्याच्या अर्जात नाही. बरीच चर्चा झाल्यावर आम्हाला "डिश अँटेना दुरुस्ती" या सदराखाली परवानगी मिळाली. माझी पत्नी, जिने चित्रकलेच्या कॉलेजात रंगसंगतीचं बक्षीस मिळवलं होतं, ती त्या महिन्यात कागदोपत्री डिश दुरुस्त करत होती.

गच्चीवर पहिल्या दिवशी इलायस आणि त्याची बायको फ्लॉरेन्स दोघंही आले. बघायला म्हणून आले आणि सल्ला द्यायला लागले. इलायस एका हॉस्पिटलात ॲडमिनमध्ये आहे. त्याचं म्हणणं, सगळं आधी अटेस्ट करून घे. रांगोळी कशी अटेस्ट करतात, मी विचारलं. तो म्हणाला, शिक्का कुठेतरी मारतातच, आपण विचारलं पाहिजे. फ्लॉरेन्स म्हणाली, "अगो, एवढी मेहनत घेतेस तर तेलरंगात तरी काढ. निदान भिंतीला लावता येईल." अश्विनी मान खाली घालून ठिपके देत राहिली. तिचे ठिपके मोजपट्टी लावल्यासारखे सरळ पडतात. मी तिच्याकडे तेव्हा बहुधा पहिल्यांदाच नीट बघितलं. एरवी रांगोळी चालू असते तेव्हा मी खुर्च्या मांडत असतो.

पूर्ण व्हायला आली तेव्हा वारा सुटला. बहरीनचा थंडीतला वारा उत्तरेकडून येतो आणि येताना विचारत नाही. आम्ही चौघांनी चादरींचा आडोसा धरला. चादर फुगली, इलायस अँटेनावर आदळला, आणि जी डिश खरं तर ठणठणीत होती ती वाकली. रांगोळीचं मधलं फूल उडून फ्लॉरेन्सच्या केसांत गेलं. पुढचे चार दिवस बिल्डिंगमध्ये कुणाच्याही टीव्हीवर काही दिसलं नाही आणि यासीनचा मला फोन आला, की दुरुस्ती अजून चालूच आहे का.

मधल्या काळात मी स्वस्थ बसलो नव्हतो. अर्जात कलाकाराने स्वतःबद्दल आणि कामाबद्दल लिहायचं होतं. ते मी ऑफिसच्या वेळात, अतिशय मन लावून लिहून काढलं. रिस्पेक्टेड सर अँड मॅडमपासून सुरुवात. अश्विनी कष्टाळू असून दडपणाखाली काम करू शकते. बहरीनचं ड्रायव्हिंग लायसन्स चालू स्थितीत. पतीची हरकत नाही, पत्र सोबत जोडलं आहे. त्यावर कंपनीचा शिक्काही मारला होता. घरी येऊन मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सावनीने उशी तोंडावर घेतली. अश्विनी म्हणाली, "छान आहे. पण यात मी गोडाऊनमध्ये नोकरी मागतेय असं वाटतं." मी दोन दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोललो.

मग तिनेच सुचवलं, गच्ची सोड, सखीरला जाऊ. शुक्रवारी मी, अश्विनी आणि सावनी, मागच्या सीटवर रांगोळीची पिशवी. पिशवीत पांढरी पूड जेमतेम होती, कारण दिवाळीनंतर मनामाच्या दुकानात नवा माल आलेला नव्हता. निघताना पॅसेजमध्ये फ्लॉरेन्सने विचारलं, कुठे. मी सांगितलं. इथेच चुकलं. फ्लॉरेन्सने कोंबडी मॅरिनेट केली, इलायसने चंद्रशेखररावांना फोन केला, आणि आम्ही पोचून तासभर होतो न होतो तोच मंडळाची माणसं भरून तीन गाड्या धुरळा उडवत आल्या. चंद्रशेखररावांनी घडीची खुर्ची आणि मंडळाचा बॅनरही आणला होता.

अश्विनीला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. तंबूंपासून दूर, तेलाच्या विहिरीचे पंप मान खालीवर करत असतात तिकडे, तिला एक टणक सपाट जागा सापडली होती. पूड पुरणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिने बोटाने वरची फिकट माती बाजूला सारली, खालची लालसर दिसायला लागली, आणि तीच तिने रेघ म्हणून वापरली. पांढरी पूड फक्त ठिपक्यांना. मग ती जी सुरू झाली, ती थांबेचना. बसून, ओणवी होऊन, मागे मागे सरकत. रांगोळी आमच्या हॉलपेक्षा मोठी झाली, मग आमच्या फ्लॅटपेक्षा. चंद्रशेखररावांनी सल्ला द्यायला तोंड उघडलं आणि चक्क मिटलं. फ्लॉरेन्सचा चिमटा कोंबडीवर तसाच राहिला. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, ही बाई इतकी वर्षं माझ्या घरात दोन फरशांवर मावत होती.

फोटो वरून घ्यायचा होता. मी बूट काढून आमच्या गाडीच्या टपावर चढलो. टप आत गेला आणि त्याचा आवाजही झाला, पण मी दुर्लक्ष केलं. ऊन कलतं होतं, रेघांना सावल्या आल्या होत्या. फोनच्या चौकटीत पूर्ण रांगोळी बसली. एक माणूस नाही, एक काठ नाही, एक बूट नाही. सगळे श्वास धरून बाजूला उभे. मी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "चला, या सगळे."

का पडलं, मला आजही सांगता येणार नाही. इतक्या वर्षांची जिभेची सवय. रांगोळी पूर्ण, समोर कॅमेरा, की पुढचं वाक्य हेच. आणि मंडळी काय, वाटच बघत होती. मागे पुरुष, पुढे बायका, पोरं उकिडवी. चंद्रशेखरराव मधोमध. फ्लॉरेन्सने अश्विनीलाही हाताला धरून ओढून घेतलं. मी बटण दाबलं, मग माझ्या लक्षात आलं, आणि मी "बाजूला व्हा" म्हणून ओरडेपर्यंत कुणाची तरी चारचाकी वाळवंटी मोटरसायकल, जी सखीरला भाड्याने मिळते, वळण चुकून सरळ रांगोळीवरून गेली. पाठोपाठ मित्रांच्या आणखी दोन. चालवणाऱ्याने हात करून सॉरी म्हटलं आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणत निघून गेला.

परतताना गाडीत टपाचा खड्डा माझ्या डोक्याला टेकत होता. अश्विनी काचेबाहेर बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. विचारलं तर म्हणाली, वाळू गेली. मला इतकी लाज वाटत होती, की तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने नाही सुनावले.

त्याच संध्याकाळी तिने सावनीला टेबलाशी बसवलं. "मी मराठीत सांगते, तू तुझ्या इंग्रजीत लिही," म्हणाली. मी शेजारी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. तिने एका दमात सांगितलं. "मी रांगोळी काढते. ती पूर्ण झाली की माझी माणसं येऊन तिच्यावर उभी राहतात. त्यामुळे तुम्हाला हवा तसा एकही फोटो माझ्याकडे नाही. जसे आहेत तसे पाठवतेय. माणसं नसली तर माझी रांगोळी कशी दिसते, ते मला एकदा बघायचंय." मग पाणी प्यायली आणि भांडी घासायला गेली. सावनीने लिहिलं आणि नाक पुसलं. दहा फोटो गेले. त्यात सखीरचा होता, मोरांचा होता, बुटासकट.

मला ते "माझी माणसं" चांगलंच लागलं, कारण त्यातला पहिला माणूस मी होतो. पण मी शांत होतो. खरं सांगायचं तर मला खात्री होती की काही होणार नाही. असल्या अर्जाला कोण उत्तर देतं. इलायसही इंशाल्ला म्हणाला होता, आणि इलायस ज्याला इंशाल्ला म्हणतो ते सहसा होत नाही. माझ्या सगळ्या मदतीच्या खाली ही खात्री गादीसारखी अंथरलेली होती. फेब्रुवारीत मेल आला. सावनी किंचाळली. अश्विनीने तो तीनदा वाचायला लावला आणि मग देवापुढे साखर ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "वा." मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. तीन महिने म्हणजे किती असतात ते मला एकदम कळलं होतं.

पुढचे दिवस सल्ल्यांत गेले. चंद्रशेखररावांनी मंडळातर्फे शाल-नारळ केला आणि भाषणात चिलीला दोनदा पेरू म्हटलं. फ्लॉरेन्स तर रातोरात दक्षिण अमेरिकेची जाणकार झाली. "त्या बाजूला सगळे आमचेच लोक," ती म्हणाली. "काही अडलं तर सरळ चर्चमध्ये जायचं, वसईची फ्लॉरेन्स माझी शेजारीण म्हणून सांगायचं." आणि रांगोळीची पूड नेऊ नकोस असं सगळ्यांनीच बजावलं. पांढरी पूड घेऊन कस्टममध्ये कुणाकुणाला काय काय समजावणार. अश्विनी म्हणाली, "नाहीच नेणार. तिथे माती असेलच की." पूड रांगोळीचीच आहे असं कस्टमसाठी शिक्का मारलेलं पत्र माझ्या हातात तयार होतं. ते मी परत खिशात ठेवलं.

एप्रिलमध्ये निघायच्या सकाळी तिने दारापुढच्या दोन फरशांवर रोजची रांगोळी काढली. ठिपके, चार पाकळ्या, मधे हळदीकुंकू. मग हात धुतले आणि बॅगा उचलल्या. एअरपोर्टहून मी परत आलो आणि रांगोळी ओलांडताना पाय उंच उचलून आत गेलो. रहिमतुल्ला दुपारी झाडू घेऊन आला तेव्हा मी दारातच बसून होतो.

"इसको मत निकालना," मी म्हणालो.

"आज के लिए, साब?"

"मॅडम आने तक."

त्याने पार्किंगमधला नारिंगी शंकू आणून रांगोळीशेजारी ठेवला. त्या दिवसापासून आमच्या पॅसेजमध्ये रस्त्याचं काम चालू असल्यासारखं दिसत होतं आणि आम्ही सगळे भिंतीला अंग घासत जात होतो. पण रांगोळी ती रांगोळी. एसीवाला येऊन गेला, कुणाचं तरी मांजर फिरलं, बाकीचं हवेने नेलं. मे महिन्यात मी मनामाहून पूड आणली आणि दार लोटून, कुणी बघत नाही असं पाहून, एका पाकळीवर हात फिरवला. फ्लॉरेन्सने दार उघडून विचारलं, "सलील, मीठ सांडलं का रे?" मी हो म्हणालो. घरात वरणाला मीठ मात्र रोजच कमी पडत होतं. सावनी मुकाट जेवायची आणि मधेच म्हणायची, "आय मिस हर, बाबा." मी म्हणायचो, पापड घे.

अश्विनीचा फोन शुक्रवारी दुपारी यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यापासून ती एकाच मोठ्या रांगोळीवर काम करत होती. मिठाची जमीन, शेजारच्या टेकडीची तांबडी माती. शेवटी जूनच्या सुरुवातीला एका शुक्रवारी म्हणाली, "झाली. टेकडीवरून फोटो घेतलाय. पाठवते."

मी फोटो टेबलावर लॅपटॉपवर मोठा करून उघडला. सावनी माझ्या खांद्यावरून बघत होती. काय सांगू. पांढरंशुभ्र मैदान आणि त्यावर ती. कुणी नाही. एक बूट नाही, एक काठ नाही, कुणाचं पोट नाही, हवेत लाडू नाही. तिला एकदा बघायची होती तशी, नुसती. छातीत परत तेच काहीतरी आलं. या खेपेला पित्ताला दोष देण्यात अर्थ नव्हता.

"झालं की गं मनासारखं," मी फोनवर म्हणालो.

"हो. सगळे फार छान म्हणतायत." मग म्हणाली, "सलील, वरच्या बाजूला बघ ना जरा."

बघितलं. वरच्या काठाला, डावीकडून उजवीकडे, एक लांब पट्टा कोरा राहिला होता. नक्षी तिथपर्यंत येऊन शहाण्यासारखी थांबली होती.

"इथल्या बाईंनी विचारलं, हे मुद्दाम सोडलंय का. मी टेकडीवर चढून बघेपर्यंत मला पत्ताच नव्हता," अश्विनी म्हणाली. "मग भरायला म्हणून गेले खाली. चिमूट घेऊन बसले. हातच पुढे जाईना." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही उभे राहता ना तिथे."

मी नेटवर्क जातंय असं काहीतरी म्हणालो. नेटवर्क उत्तम होतं. सावनी माझ्या शर्टाला डोळे पुसत होती आणि पहिल्यांदाच सरळ मराठीत म्हणाली, "आई, लवकर ये."

फोन ठेवला आणि मी पॅसेजमध्ये जाऊन टाळी वाजवली. इलायस आणि फ्लॉरेन्स जेवणावरून उठून आले. चंद्रशेखररावांना फोन केला, ते घरच्या अर्ध्या चड्डीतच गाडी काढून आले. रहिमतुल्लाच्या हातात फोन दिला. दोन फरशांचा पॅसेज. मागे मी आणि इलायस, मधे चंद्रशेखरराव, पुढे फ्लॉरेन्स, सगळ्यांत पुढे सावनी उकिडवी, आणि कडेला शंकू. आमच्या पायांशी रांगोळी म्हणजे हळदीचा एक डाग, थोडे ठिपके आणि माझी ती मिठाची पाकळी. रहिमतुल्लाने फोटो काढला. मी पाठवला, आणि आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो.

उत्तर लगेच आलं. "चंद्रशेखररावांना जरा डावीकडे सरकव. रांगोळी झाकली जातेय."

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. चंद्रशेखरराव पोट आत घेऊन डावीकडे सरकले, आणि आम्ही परत उभे राहिलो.